वच्छलाबाईच्या पेट्या

निकाल आला तेव्हा मोरेश्वर निखाडे ओसरीवर तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसला होता. त्याची मुलगी प्रणिता मारडोहची सरपंच होती. ती फाटकातून आत आली आणि चपला न काढताच पायरीवर बसली.

"बाबा, वाचकानं नापास केलं."

"कोणाले?"

"गावाले. अजून कोणाले?"

तिच्या मागोमाग शेजारचा तुळशीराम पिदूरकर आला. त्याला बातमी लागली नाही असं कधी होत नसे. "मले शाळेत मास्तर नापास करे, तं समजू शके," तो म्हणाला. "पुऱ्या गावाले नापास करणारी मशीन पहिल्यांदाच पायली बाप्पा."

कोणी हसलं नाही. मोरेश्वरनं सोललेले दाणे सुपात ओतले आणि लेकीला पाणी आणून दिलं. हे काम पूर्वी त्याची बायको वच्छला करायची. ती गेल्या हिवाळ्यात गेली. हृदय कमजोर झालं होतं, डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, तरी ती गेली तेव्हा मोरेश्वरला ते अचानकच वाटलं.

मारडोह हे वर्धा नदीच्या काठचं, वणीकडच्या भागातलं गाव. गावाखाली कोळसा आहे हे सगळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं, पण तो इतका खोल होता की त्याची कोणाला भीती वाटत नसे. जमिनीत जे काही आहे त्या सगळ्याला भूवैज्ञानिक संसाधन म्हणतात. त्यातलं जेवढं आजच्या यंत्रांनी आणि आजच्या भावात बाहेर काढणं परवडतं, तेवढ्यालाच साठा म्हणतात. दगड तोच राहतो. माणसाचा हात लांब झाला की संसाधनाचा साठा होतो. मारडोहचं तेच झालं. चालकाशिवाय चालणारे डंपर आले, पूर्वी कोणी खणली नसती एवढी खोल उघडी खाण खणता येऊ लागली, आणि शेजारची खाण सरकत सरकत गावाच्या वेशीला येऊन टेकली. खाणीतून उपसलेल्या माती-मुरमाला तिकडे ओबी म्हणतात. ओबीचे डोंगर गावाच्या पूर्वेला उभे राहिले. मारडोहात आता सूर्य उशिरा दिसायचा.

गाव वाचायची एकच वाट होती. वीजकेंद्राच्या धुरांड्यातून कार्बन डायऑक्साइड हवेत सोडायला आता बंदी होती. तो पकडायचा आणि जमिनीत पुरायचा, असा कायदा झाला होता. पुरायला खोलवरच्या कोळशासारखी जागा नाही. कोळसा वरून घट्ट दिसतो, पण त्याच्या आत डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं असतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी दलदलीत पडलेली झाडं दबली, तापली, त्यांचा कोळसा झाला. त्या वेळी जो मिथेन वायू तयार झाला तो या छिद्रांच्या भिंतींना धरून बसलेला असतो. तिथं कार्बन डायऑक्साइड सोडला की कोळसा त्याला अधिक घट्ट धरतो आणि मिथेनला सोडून देतो. मिथेन नळ्यांतून वर काढून इंधन म्हणून वापरता येतो. कार्बन डायऑक्साइड खाली राहतो. एकदा थर असा भरला की त्या कोळशाला कोणी हात लावायचा नाही, आणि वरचं गाव जिथल्या तिथं राहायचं.

अट एवढीच, की कोळशाच्या वर चिखलाच्या घट्ट दगडाचं अखंड झाकण हवं. त्याला झाकणखडक म्हणतात. झाकण नसेल, किंवा जमीन भ्रंशांनी, म्हणजे थर सरकून पडलेल्या तड्यांनी, फाटलेली असेल, तर पुरलेला वायू वर येणार. मग तिथं साठवण नाही. मग तिथं खाण.

हे ठरवायचं काम स्तरवाचक नावाच्या यंत्राकडे होतं. लोक त्याला नुसतं वाचक म्हणत. जमिनीत भोक पाडताना जो दगडाचा गोल दांडा अखंड बाहेर येतो त्याला कोअर म्हणतात. हे कोअर लांबट पेट्यांत भरून ठेवलेले असतात. वाचक एकेका पेटीवरून किरण फिरवायचा, पेटीवरचा क्रमांक वाचायचा आणि खालची सगळी जमीन पडद्यावर उभी करायचा. भूवैज्ञानिकाला जे काम वर्षभर पुरायचं ते तो चहा थंड व्हायच्या आत करायचा. मारडोहला खोल असं एकच भोक होतं. ते चाळीसेक वर्षांपूर्वी पाडलं होतं आणि त्या बोरिंगच्या टोळीत मोरेश्वर स्वतः होता.

"काय म्हणते वाचक?" त्यानं विचारलं.

"म्हणते, जमीन पूर्ण फाटलेली आहे. जागोजागी भ्रंश. अन् कोळशावर झाकण नाहीच." प्रणितानं पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. "एक अपील करता येते. माणसाकडून कोअर तपासून घ्यायचा. चंद्रपूरच्या एक मडावी मॅडम आहेत, त्या येतो म्हणाल्या. तुम्ही चला सोबत. भोक तुमच्या हातचं आहे."

"मी फक्त दांडे ओढले. दगडातलं मले काय समजते?"

"ओढले तं ओढले. चला."

*

वणीच्या कोअर भांडारात एका मांडणीवर पाटी होती: वच्छलाबाईच्या पेट्या. मोरेश्वरनं ती पाटी पूर्वी पाहिली होती. आज तो तिच्यासमोर जरा जास्त वेळ थांबला.

पाटीमागची गोष्ट भांडारातल्या सगळ्यांना माहीत होती. भोक पाडून झाल्यावर कोअरच्या पेट्या मारडोहच्याच शेडमध्ये ठेवल्या होत्या. पोळ्याच्या आधल्या आठवड्यात वर्धेला पूर आला. मोरेश्वर तेव्हा राजुऱ्याकडे दुसऱ्या कामावर होता आणि पूल पाण्याखाली होता. वच्छलानं गावातल्या बायका गोळा केल्या आणि कमरेएवढ्या पाण्यातून सगळ्या पेट्या उंचावरच्या शाळेत नेल्या. पेट्यांवरचे खडूचे आकडे धुऊन गेले होते, खोली लिहिलेले लाकडी ठोकळे वाहून गेले होते. बैलांच्या शिंगांना लावायचा लाल रंग घरात आणून ठेवला होता. त्यानं तिनं पेट्यांवर नवे आकडे घातले. मोरेश्वर परत आला तोवर भूविज्ञान खात्याचा ट्रक पेट्या घेऊनही गेला होता. नंतर साहेबांनी तिला लुगडं आणि नारळ देऊन सत्कार केला, आणि तिच्या नावाची पाटी लागली.

डॉ. सुगंधा मडावी चाळिशीची होती. तिनं केस वर बांधले, बाह्या दुमडल्या, आणि पेट्या एकेक करून टेबलावर मांडायला लावल्या. वाचकानं काढलेला निकाल तिनं मुद्दाम आधी पाहिलाच नाही.

"काका, आता दगड पाहणारी माणसं कमी राहिली," ती म्हणाली. "माझ्या खात्यात मी आणि एक निवृत्तीला आलेले सर. त्यांना चष्म्यातूनही दिसत नाही."

"मग तुमच्यानंतर?"

"माझ्यानंतर वाचक." ती हसली आणि भिंग डोळ्याला लावलं.

ती एकेक पेटी पाहत गेली. मग तिनं मोरेश्वरला बोलावलं. एका पेटीतल्या राखाडी दगडावर पान उमटलं होतं. लांब, जिभेसारखं, मधली शीर स्पष्ट. काल झाडावरून पडल्यासारखं.

"वच्छीले दाखवाले पाहिजे होतं हे," मोरेश्वरच्या तोंडून निघून गेलं.

सुगंधानं पानाची पेटी अलगद बाजूला सरकवली. तिनं दुसरी पेटी ओढली. तिच्यातल्या मातकट दगडात बारीक काळ्या रेषा खाली खाली फुटत गेल्या होत्या. "ही मुळं. दलदलीत झाडं उगवली त्या चिखलातली. झाडं पडली, साचली, त्यांचा कोळसा झाला. मग त्याच्यावर गाळ आला आणि त्यात शेवटची पानं दबली. तो गाळ म्हणजे झाकणखडक. म्हणून कोळशाच्या खाली मुळं असतात आणि वर पानं. कुठंही जा, हेच."

"बरोबर आहे. झाड असंच राहते."

"पण या आकड्यांप्रमाणं वाचलं तर मुळं वर येतात आणि पानं खाली." तिनं लाल आकड्यावर बोट ठेवलं. "तुमच्या मारडोहात झाड डोक्यावर उभं आहे, काका."

तिनं एका पेटीतला शेवटचा तुकडा उचलला आणि आकड्यानं तिच्या आधीच्या पेटीतला पहिला तुकडा उचलला. दोन्ही मोडलेली टोकं एकमेकांवर ठेवली. जराशी फिरवली. ती एकमेकांत बसली, फट दिसेना. मग तिनं ते तुकडे मोरेश्वरच्या हातात दिले आणि त्यानंही ते फिरवून बसवून पाहिले.

"आकडे उलटे पडलेत," ती म्हणाली. "प्रत्येक पेटीच्या आत दगड बरोबर आहेत, पेट्यांचा क्रम तेवढा उलटा. वाचकाला प्रत्येक पेटीच्या शेवटी जोड जुळेना, म्हणून त्यानं तिथं तिथं भ्रंश धरला. जमीन फाटलेली नाहीच."

प्रणिता उठून उभी राहिली. "म्हणजे झालं ना, मॅडम! तुम्ही सांगा त्यांना."

"एवढ्यानं होणार नाही, ताई. पुरात आणि नंतर हाताळण्यात बहुतेक टोकं झिजलीत. दोन-तीन जोड जुळले ते योगायोग आहेत, असं खाणवाले म्हणतील. पानं-मुळं दाखवीन, तर ते म्हणतील थर उलथलाय. तसंही कुठं कुठं होतं. गावाला हवा तसा क्रम गावानं लावून घेतला, असा अर्थ निघेल." तिनं भिंग पुसलं. "आकडे कोणी आणि कसे घातले हे जाणणारं माणूस सुनावणीत उभं राहून बोललं, तरच क्रम बदलता येतो. नियमच तसा आहे. हे लाल आकडे कोणी घातले, ठाऊक आहे?"

 पाटी तिघांच्याही समोर होती.

"ठाऊक नाही," मोरेश्वर म्हणाला आणि बाहेर निघून गेला.

*

परतताना प्रणिता गाडी चालवत होती. ओबीचे डोंगर दिसू लागले तेव्हा तिनं विचारलं.

"खोटं काऊन बोलले, बाबा?"

"खोटं नाही बोललो. मी होतो का तिथं? राजुऱ्याले होतो."

"आईनंच घातले आकडे. आख्ख्या गावाले माहीत आहे."

"हाव ना! मग सांग जाऊन. सांग, माह्या आईनं आकडे चुकवले, तिच्यापायी गाव खड्ड्यात गेलं. लावू दे त्या मांडणीवर नवी पाटी." त्याचा आवाज चढला होता. "त्या बाईनं पाण्यात उतरून पेट्या काढल्या. ती गेली तं तिच्या नावाचं जगात काय उरलं? एक ती पाटी. तेबी पुसाची?"

"आई असती तं काय म्हटली असती?"

"ती असती तं तीच सांगती. मले कायले इचारतं?"

हे बोलल्यावर त्याचं त्यालाच ऐकू आलं.  फाटकाशी त्याला उतरवून प्रणिता तिच्या घरी गेली.

संध्याकाळच्या स्वयंपाकाची वेळ झाली. मोरेश्वर मागच्या खोलीत तांदूळ काढायला गेला. तिथं वच्छलानं रचलेले डबे होते तसेच होते. मोठा तळाला, त्यावर त्याहून लहान, त्यावर आणखी लहान. मातीच्या मडक्यांची उतरंड गेली, पत्र्याचे डबे आले, तरी रचायची पद्धत तीच. डब्यांवर तिनं आकडे घातले होते. तिला काय कुठं आहे ते तोंडपाठ असे. आकडे होते ते त्याच्यासाठी. दवाखान्यात ती भरती असताना फोनवर सांगायची, चारच्या डब्यात कुरड्या आहेत, दोनच्यात ज्वारी.

तो त्या उतरंडीसमोर उभा राहिला. एक नंबरचा डबा तळाला होता.

संसार सुरू झाल्यापासून तो या खोलीत येत होता आणि हे त्याला कधी वेगळं वाटलं नव्हतं. तिचं सगळंच तळातून सुरू व्हायचं. गोवऱ्यांचा उडवा असो की सरपणाची रास, तिचा पहिला थर म्हणजे खालचा. शाळेच्या खोलीत तिनं पेट्या, शेडमध्ये टोळीनं जमिनीतल्या क्रमानं रचल्या होत्या तशाच, एकावर एक लावल्या असणार, वरची वर, खालची खाली. त्यात ती चुकणारी नव्हती. आणि मग आकडे घालायला ती खाली वाकली असणार. बोरिंगवाले पहिली पेटी म्हणतात ती जमिनीच्या वरच्या अंगाची. वच्छलाची पहिली पेटी तळाची.

त्यानं चारचा डबा उतरवला. कुरड्या होत्या. गेल्याच्या मागच्या उन्हाळ्यात तिनं घातलेल्या, तळाशी थोड्याशा. एक तशीच कच्ची मोडून त्यानं तोंडात टाकली. मग डबा बंद करून जागच्या जागी ठेवला आणि लेकीला फोन लावला.

"सुनावणीले येतो म्हण मॅडमले."

"बाबा..."

"चुकली असं नाही म्हणणार मी. झालं तसं सांगीन."

"तसंच सांगा." मग तिनं विचारलं, "जेवले का?"

"करून रायलो."

"करू नका. मी डबा घेऊन येतो."

*

सुनावणी वणीला, कचेरीच्या वरच्या दालनात झाली. सुनावणी अधिकारी देवस्थळेबाई होत्या, बारीक आवाजाच्या आणि कामाशी काम ठेवणाऱ्या. खाणकंपनीकडून एक तरुण वकील आला होता. तो वाईट माणूस नव्हता; बाहेर मोरेश्वरला खुर्ची त्यानंच दिली होती. मारडोहहून दोन गाड्या भरून माणसं आली होती. तुळशीराम पुढच्याच रांगेत बसला होता.

सुगंधानं पानं दाखवली, मुळं दाखवली, जुळणारे तुकडे दाखवले. वकील उठला आणि तिनं आधी सांगितलं होतं तेच जवळपास त्याच शब्दांत म्हणाला. मग मोरेश्वरचं नाव पुकारलं.

"आकडे कोणी घातले?" देवस्थळेबाईंनी विचारलं.

"माह्या बायकोनं. वच्छलानं."

"त्या वेळी तुम्ही हजर होता?"

"नाही, बाई. पूर होता, मी राजुऱ्याले अडकलो होतो. पण तिनं आकडे तळातून घातले."

"मग तिनं आकडे तळातून घातले हे तुम्ही कशावरून सांगता?" हे वकिलानं विचारलं.

मोरेश्वरनं त्याच्याकडे पाहिलं. "साहेब, तुमचं लग्न झालं?"

दालनात खसखस पिकली. वकीलही जरासा हसला. "झालं."

"मग तुमची बायको घरात काय कुठं ठेवते, ते तुम्हाले माहीत असन. नसन तं माहीत करून घ्या." मग तो देवस्थळेबाईंकडे वळला आणि त्यानं सांगितलं. उतरंड कशी लावतात, पहिलं मडकं कुठलं म्हणतात, त्याच्या घरातल्या डब्यांवर कसे आकडे आहेत. त्यांचे फोटो त्यानं फोनवर काढूनही आणले होते. बोलताना त्याला वाटलं होतं तसं जड गेलं नाही. तिच्याबद्दल इतका वेळ सलग तो गेल्या हिवाळ्यानंतर पहिल्यांदाच बोलत होता.

मागच्या बाकावरून एक म्हातारी उठली. "बाई, मी बोलू का? मी अंजना वरारकर. मी होती पेट्या उचलाले. वच्छलानं खालून आकडे घातले, मी डबा धरून होती रंगाचा. मी म्हटलं बी, वरून घाल ना, वाकाले नाही लागत. तं म्हणे, घर काय छपरापासून बांधते का कोणी?"

"तुम्ही हे आधी का सांगितलं नाही?"

"आधी इचारलं कोणी, माय?"

देवस्थळेबाईंनी सुगंधाकडे पाहिलं. "मडावी मॅडम, हे तुमच्या शास्त्रात बसतं?"

"आमच्या शास्त्राचा पहिला धडाच हा आहे," सुगंधा म्हणाली. "खालचा थर आधी बसलेला, वरचा नंतर. पृथ्वीनं थर ज्या क्रमानं रचले, त्या क्रमानं वच्छलाबाईंनी आकडे घातले. बोरिंगवाले वरून मोजतात, कारण ते वरून शिरतात. वाचकाला बोरिंगवाल्यांची पद्धत शिकवलेली आहे. दुसरी पद्धत असू शकते हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानं कोणाला विचारलं नाही."

देवस्थळेबाई थोडा वेळ काही लिहीत राहिल्या. मग म्हणाल्या, "क्रम बदलायला कारण नोंदवावं लागेल. मूळ आकडे घालताना झालेली चूक, असं लिहू?"

प्रणितानं बापाकडे पाहिलं. मोरेश्वरनं खुर्चीचा हात धरला होता.

"बाई, त्या पेट्या तिनं पुरातून काढल्या हे लिहा. अन् तिनं तिच्या समजेनं आकडे घातले, हेबी लिहा. दोन्ही सोबत लिहा. पेट्याच नसत्या तं आज उलटं-सुलटं काय पाहिलं असतं आपण?"

देवस्थळेबाईंनी मान हलवली आणि तो म्हणाला तेवढं सगळं लिहिलं. हरकत आहे का, असं त्यांनी विचारल्यावर वकिलानं कागद पुढं-मागं केले आणि तो म्हणाला, "वाचकानं पुन्हा वाचावं. हरकत नाही."

वाचक त्याच दालनातून चालवता येत होता. आकड्यांचा क्रम उलटा करून पुन्हा वाचायला लावलं. पडद्यावर मारडोहखालची जमीन होती; तांबड्या रेषांनी चिरलेली. एकेक रेष पुसली जाऊ लागली. तिथला थर जुळला की रेष जायची. प्रत्येक वेळी मागच्या बाकांवरून कोणाचा तरी श्वास सुटायचा. शेवटी खाली कोळशाचा काळा पट्टा राहिला, आणि त्याच्यावर राखाडी रंगाचं एक सलग झाकण, गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

यंत्रानं खाली ओळ टाकली: झाकणखडक अखंड. साठवणयोग्य.

"पास झालो का?" तुळशीरामनं मोठ्यांदा विचारलं.

"पास," देवस्थळेबाई म्हणाल्या.

*

त्या संध्याकाळी मोरेश्वरच्या घरी माणसं येत राहिली. बोलावलं कोणाला नव्हतं. प्रणितानं मोठं पातेलं चढवलं आणि चहा होत राहिला. सुगंधा मडावीलाही लोकांनी परत जाऊ दिलं नव्हतं. ती ओसरीवर बायकांच्या मध्ये बसून भरलेल्या वांग्याची भाजी खात होती.

"आता गॅस निघन मन्ते गावात," तुळशीराम म्हणाला. "मले आधीच होते."

"तुमचा जमिनीत पुरता नाही येत, काका," प्रणिता आतून म्हणाली. "त्याच्यावर झाकण कोणाचंच टिकत नाही."

मोरेश्वर हसला. जरा उशिरानं, पण हसला, आणि ते तुळशीरामनं पाहिलं आणि मुद्दाम दुसरीकडे तोंड वळवलं.

मोरेश्वर उठून अंजनाबाईंजवळ जाऊन बसला. त्याच्या मनात एक गोष्ट इतकी वर्षं होती. ती त्यानं वच्छलाला विचारली नव्हती, कारण घरच्या माणसाला असलं विचारायचं असतं हे त्याला कळलंच नव्हतं. त्या पुरात त्यांच्या घरातलं धान्य भिजून वाया गेलं होतं. आधी ते उचलायचं सोडून ती दगडांच्या मागं का लागली?

"वैनी, धान्य टाकून दगडं काऊन उचलले तिनं?"

अंजनाबाईंनी बशीतला चहा संपवला. "मी बी तेच म्हटलं होतं. म्हटलं, अवं वच्छला, ज्वारी चालली वाहून, अन् तू गोटे काय उचलतं? तं म्हणे, ज्वारी पुन्हा होते. हे गोटे माह्या माणसानं तीन उन्हाळे उन्हातान्हात खपून काढले. तो येईन तं आधी इचारन, माहे दगडं कुठी आहे? मी काय सांगू त्याले?"

मोरेश्वरनं मान खाली घातली.

"अन् म्हणे," अंजनाबाई हसायला लागल्या, "नाही सापडले तं मलेच शिव्या देईन."

"दिल्या असत्या," मोरेश्वर म्हणाला. "खरंच दिल्या असत्या."

तो आला तेव्हा पेट्या गेल्या होत्या, ट्रकानं सुखरूप. म्हणून त्यानं काही विचारलं नव्हतं. हातपाय धुतले होते, आणि शेजारून मागून आणलेल्या पिठाची भाकर तिनं त्याच्यापुढं ठेवली होती, आणि तो जेवला होता. तीन उन्हाळ्यांची मेहनत कोणी वाचवली तर त्याचं काय म्हणायचं असतं, ते तेव्हा त्याच्या घरात कोणाला ठाऊक नव्हतं. तिला तर नव्हतंच. तिनं कौतुकाची वाट पाहिली नव्हती.

आतून प्रणितानं हाक मारली, पातेलं रिकामं झालं, अजून चहा टाकू का म्हणून. ओसरी माणसांनी भरलेली होती. फाटकाशी अजून दोघं-तिघं चपला काढत होती.

"टाक," मोरेश्वर म्हणाला. "सगळ्याइले पुरला पाहिजे. तिच्याकडून आहे."